पृथ्वी कायम राहणार की जळून जाणार? वाचकांचे प्रश्न आणि आमची उत्तरं

या महिन्यातली पत्रं आणि व्हॉट्सॲपवरचे मेसेज एकत्र वाचायला घेतले तर निम्म्याहून जास्त एकाच विषयावरचे निघाले, की बायबल एकीकडे म्हणतं अमुक गोष्ट सर्वकाळ राहील आणि दुसरीकडे म्हणतं तीच गोष्ट नाहीशी होईल, मग खरं काय धरायचं. बहुतेक एकच फॉरवर्ड सगळीकडे फिरतोय. म्हणून या वेळी लग्नाचे आणि चर्चच्या इलेक्शनचे प्रश्न बाजूला ठेवलेत, ते पुढच्या अंकात घेऊ.

प्रश्न : सलाम. मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. हॉस्टेलमधल्या एका मित्राने मला बायबलमधल्या विरोधाभासांची लिस्ट पाठवली. बाकीच्यांची उत्तरं कशीतरी दिली पण एका ठिकाणी अडकलो. उपदेशक १:४ म्हणतं पिढी जाते, पिढी येते, पृथ्वी मात्र सदा कायम राहते. स्तोत्र १०४:५ म्हणतं पृथ्वी कधीच ढळणार नाही. आणि मत्तय २४:३५ मध्ये येशू म्हणतो आकाश आणि पृथ्वी नाहीशी होतील, २ पेत्र ३:१० मध्ये तर सगळं जळून वितळून जाणार असं आहे. पाळक साहेबांना विचारलं तर म्हणाले, विश्वास ठेव. (जालना)

उत्तर : भाऊ, मित्राने वचनं बरोबर दिलीत, एकही तोडूनमोडून घेतलेलं नाही, तेव्हा आधी तेवढं त्याला मान्य करून टाक. आणि "ते सगळं अलंकारिक आहे रे" असं म्हणून सुटका करून घ्यायला जाऊ नकोस, कारण तो लगेच विचारेल की कुठलं अलंकारिक आणि कुठलं खरं हे ठरवणार कोण, आणि त्याचं विचारणं रास्तच असेल.

माझ्या मते सगळ्यात सरळ वाट स्तोत्र १०२ मधून जाते. गांजलेल्या माणसाची प्रार्थना असं त्याच्या मथळ्यातच लिहिलंय. हा माणूस सुरुवातीला म्हणतो माझे दिवस धुरासारखे विरून चाललेत, मी गवतासारखा सुकून जातोय (वचन ३ आणि ११). मग २५ पासून २७ पर्यंत देवाला म्हणतो की पृथ्वीचा पाया तू घातलास, आकाश तुझ्या हातचं काम, पण ती नाहीशी होतील, कपड्यासारखी जुनी होऊन फाटतील, तू ती बदलून टाकशील, आणि तू मात्र तोच राहशील, तुझ्या वर्षांना अंत नाही. आता हे नीट बघ. गवत एका उन्हाळ्यात जातं, कपडा बऱ्याच वर्षांनी विरतो, आणि देव आहे तसाच. माणूस, पृथ्वी आणि देव, तिघांचं टिकणं एकाच प्रार्थनेत शेजारी शेजारी मांडलंय आणि त्या माणसाला त्यात काही विसंगत वाटत नाहीये.

हे डोक्यात ठेवून उपदेशक परत वाच. तिथे पृथ्वीच्या शेजारी कोण उभं आहे? माणसाची पिढी. त्याच्या आधीचं ३ रं वचन विचारतं की माणूस एवढा उन्हातान्हात राबतो, त्यातून त्याच्या हाताला काय लागतं? आणि मग सूर्य उगवतो मावळतो, वारा फिरून फिरून येतो, नद्या समुद्राला मिळतात तरी समुद्र भरत नाही, हे सगळं आपल्या आधी होतं आणि आपल्यामागेही चालू राहणार, आपण कोण? थकलेल्या माणसाचं बोलणं आहे ते. पृथ्वीचं शेवटी काय होणार हा त्याचा प्रश्नच नाहीये, त्याला स्वतःचं आयुष्य तिच्यापुढे किती टीचभर आहे ते सांगायचंय. मत्तय २४ मध्ये पृथ्वीच्या शेजारी उभे आहेत येशूचे शब्द, आणि त्यांच्यापुढे तीच पृथ्वी लहान पडते. यशया ५१:६ मध्येही तेच, आकाश धुरासारखं विरेल, पृथ्वी वस्त्रासारखी जीर्ण होईल, पण देवाचं तारण सर्वकाळ राहील. यशया ५४:१० मध्ये डोंगर हलतील पण माझी दया तुझ्यापासून हलणार नाही. म्हणजे पृथ्वी माणसाशेजारी ठेवली की ती टिकाऊ आणि देवाशेजारी ठेवली की ती जाणारी, प्रत्येक वेळी वजनाच्या दुसऱ्या पारड्यात काय आहे ते बघायचं.

मित्र म्हणेल हे फार सोयीचं झालं. म्हणू दे. त्याला सांग, उलटं एखादं वचन काढून दाखव, जिथे पृथ्वी देवाशेजारी ठेवलीय आणि तरी ती त्याच्याइतकीच, स्वतःच्या बळावर टिकेल असं म्हटलंय. सापडलं तर मला कळव, पुढच्या अंकात छापू.

स्तोत्र १०४ चं तर वेगळंच आहे. ५ व्या वचनात पृथ्वी कधी ढळणार नाही असं आहे आणि त्याच स्तोत्राच्या ३२ व्या वचनात देव पृथ्वीकडे नुसता बघतो तर ती थरथर कापते. ज्याने लिहिलं त्याला पाचवं वचन विसरायला झालं नसणार, गाणं एकच आहे. घर बांधणाऱ्याने पाया पक्का घातला याचं ते कौतुक आहे. पण लोकांनी हे वचन भूगोलाच्या पुस्तकासारखं वाचलं आणि काय झालं ते तुला शाळेपासून माहितीये. गॅलिलिओच्या काळात पृथ्वी फिरत नाही हे सिद्ध करायला जी वचनं पुढे केली जायची त्यात हे होतं, आणि उपदेशकाच्या त्याच अध्यायातलं सूर्य उगवण्या-मावळण्याचंही होतं. १६१५ साली गॅलिलिओने टस्कनीच्या राजमातेला, ख्रिस्तिनाबाईंना, एक लांबलचक पत्र लिहून सांगून पाहिलं की पवित्र शास्त्र या कामासाठी लिहिलेलंच नाही, तरी १६३३ मध्ये त्याला शिक्षा झालीच. तुझा मित्र आणि त्या वेळचे न्यायाधीश, दोघं हे वचन एकाच पद्धतीने वाचतायत, फक्त निकाल उलटा लावतायत. (हे त्याला सांगताना जरा हसून सांग, नाहीतर भांडण होईल.)

आता पेत्र, कारण खरी अडचण तिथे आहे. २ पेत्र ३:१० मध्ये आकाश मोठ्या आवाजाने जाणार, मूलतत्त्वं वितळणार असं आहे आणि ते तुलनेपुरतं बोललंय असं म्हणता येत नाही. तिथे थोडं मागे जाऊन ४ थ्या वचनापासून वाच. थट्टा करणारे लोक म्हणतायत, कुठंय त्याचं येणं, वाडवडील मेले तरी सगळं सुरुवातीपासून होतं तसंच चाललंय की! म्हणजे "सगळं आहे तसंच राहतं" हे उपदेशक कंटाळून म्हणतो आणि हे लोक बिनधास्त होऊन म्हणतात, की मग हिशोब द्यायची वेळ येणारच नाही. पेत्र त्यांना जलप्रलयाची आठवण देतो, ६ व्या वचनात म्हणतो तेव्हाचं जग पाण्याने बुडून नाश पावलं. आणि नोहा तारवातून उतरला तो कशावर उतरला? याच पृथ्वीवर ना. म्हणजे पेत्राच्या स्वतःच्या भाषेत जगाचा नाश झाला तरी पृथ्वी शिल्लक राहू शकते, आणि पाण्याचा हा दाखला देऊनच तो आगीकडे वळतो. आणखी एक गंमत अशी की या वचनाच्या शेवटी जुन्या हस्तलिखितांत फरक आहे. चौथ्या शतकातल्या सिनाई आणि व्हॅटिकन या दोन मोठ्या प्रतींमध्ये पृथ्वी आणि तिच्यावरची कामं "जळून जातील" असं नसून "आढळतील", म्हणजे उघडी पडतील असं आहे, आणि हल्लीची बरीच इंग्रजी भाषांतरं तोच पाठ घेतात. तो पाठ धरला तर ती आग सोनाराच्या आगीसारखी दिसायला लागते.

या बाबतीत ख्रिस्ती लोकांचं आपापसात एकमत आहे असं मात्र मित्राला सांगू नकोस. ऑगस्टीन हा जुना मोठा धर्मपंडित पाचव्या शतकात म्हणाला की जगाचं रूप जातं, स्वभाव जात नाही, १ करिंथ ७:३१ च्या आधाराने. सोळाव्या शतकातला धर्मसुधारक कॅल्विन याचंही म्हणणं जवळपास तेच, तत्त्वं आगीतून जातील ती नवी होण्यासाठी, आणि त्यासाठी तो रोम ८:२१ दाखवतो. उलट सतराव्या शतकातला योहान गेरहार्ड हा लूथरन पंडित आणि त्याच्या पंथातले बरेच जण ठाम होते की हे जग पूर्ण संपणार आणि दुसरं येणार. मी पहिल्या बाजूचा आहे, कारण प्रकटीकरण २१ मध्ये आपण वर कुठे जात नाही, नवं यरुशलेम खाली उतरतं आणि २४ ते २६ मध्ये राष्ट्रांचं वैभव त्यात आणलं जातं. सगळं राख झालं असतं तर आणायला उरलं काय असतं? पण गेरहार्डलाही मूर्ख म्हणता येणार नाही.

प्रश्न : आमच्या तरुण संघाने चर्चच्या कंपाउंडला आणि मागच्या पडीक जागेत झाडं लावायचं ठरवलंय, रोपं पण फुकट मिळतायत. कमिटीतले एक ज्येष्ठ सभासद म्हणतात की जे जळून जाणार आहे त्याच्यावर प्रभूचा पैसा खर्च करायचा नाही. त्यांच्यापुढे बोलायची कोणाची हिंमत नाही. काय करावं? (सोलापूरजवळून, तरुण संघाच्या सेक्रेटरी)

उत्तर : ताई, ज्या जागेत झाडं लावायला त्यांचा विरोध आहे त्याच जागेत उद्या पेव्हर ब्लॉक बसवायचे ठरले तर काका काय म्हणतात ते बघा बरं आधी. तेही जळणारच आहेत.

चेष्टा सोडा. त्यांना यिर्मया ३२ वा अध्याय वाचून दाखवा, आणि तुम्ही वाचू नका, त्यांनाच वाचायला द्या. बाबेलच्या (बॅबिलोनच्या) सैन्याने यरुशलेमला वेढा घातलाय, शहर पडणार हे यिर्मया संदेष्ट्याने स्वतःच सांगितलंय आणि ते सांगितलं म्हणूनच तो पहारेकऱ्यांच्या चौकात कैदेत आहे. अशा वेळी त्याचा चुलतभाऊ हनमेल येऊन म्हणतो, अनाथोथमधलं माझं शेत घे. अनाथोथ म्हणजे यरुशलेमच्या अगदी शेजारचं गाव, सगळा मुलूख शत्रूच्या हातात जायला निघालाय, त्या शेतात पाय ठेवायची पण सोय नाही. आणि यिर्मया ते घेतो! सतरा शेकेल रुपे तोलून देतो, साक्षीदार बोलावतो, खरेदीखत करतो, एक मोहरबंद आणि एक उघडी प्रत, आणि आपला लेखनिक बारूख याला सांगतो हे मातीच्या भांड्यात ठेव म्हणजे पुष्कळ दिवस टिकेल. कारण पुढे या देशात परत घरं, शेतं, द्राक्षमळे विकत घेतले जातील. शहर जाणार हे ज्याला सगळ्यात पक्कं माहीत होतं त्यानेच तिथे जमीन घेतली, कागदपत्रं पण व्यवस्थित केली. (मातीच्या भांड्याची आयडिया चांगलीच होती हो, १९४७ पासून कुमरानच्या गुहांमधून भांड्यांत ठेवलेल्या गुंडाळ्या निघाल्या, दोन हजार वर्षांनंतर वाचता येण्यासारख्या.)

पौलाचंही बघा. १ करिंथ ७ मध्ये या जगाचं रूप लयाला जातंय असं म्हणणारा तोच पौल १५:५८ मध्ये म्हणतो तुमचे श्रम प्रभूमध्ये व्यर्थ नाहीत. रोम ८ मध्ये सृष्टी कण्हतेय आणि मुक्त व्हायची वाट बघतेय असं आहे, जी गोष्ट नुसती फेकून द्यायचीय तिने वाट कशाची बघायची?

एक सूचना. बोलताना मार्टिन लूथरचं ते वाक्य वापरू नका, उद्या जगाचा शेवट आहे असं कळलं तरी मी आज सफरचंदाचं रोप लावीन वगैरे. पोस्टरवर छान दिसतं पण लूथरच्या लिखाणात ते कुठे सापडत नाही, त्याचा सगळ्यात जुना लेखी पुरावा १९४४ सालचा जर्मनीतला आहे, म्हणजे लूथर जाऊन जवळपास चारशे वर्षं झाल्यावरचा. काकांना हे माहीत असेल तर तुमचा मुद्दा तिथेच पडेल. आणि मंजुरी मिळाली तर कडुनिंब, करंज लावा, आणि उन्हाळ्यात पाणी कोण घालणार ते त्याच मीटिंगमध्ये नावं लिहून ठरवा. झाडं आगीने मरत नाहीत हो, एप्रिल-मेमध्ये पाण्यावाचून मरतात.

प्रश्न : उत्पत्ती १७:१३ मध्ये सुंतेचा करार सर्वकाळचा आहे असं स्पष्ट लिहिलंय. निर्गम ४०:१५ मध्ये अहरोनाच्या मुलांचं याजकपद पिढ्यानपिढ्या कायमचं. मग नव्या करारात दोन्ही गेलं कसं? देव आपला शब्द फिरवतो का? (निवृत्त शिक्षक, मिरज)

उत्तर : सर, तुमचा प्रश्न वरच्या पृथ्वीच्या प्रश्नापेक्षा अवघड आहे आणि मी तो पूर्ण सोडवून देईन असं कबूल करत नाही.

अर्धा भाग सुटतो. आपल्याकडे मुलगा झेडपीत पर्मनंट झाला म्हणून पेढे वाटतात तेव्हा तो अठ्ठावन्नला रिटायर होणार हे पेढे खाणाऱ्या प्रत्येकाला माहीत असतं, तरी पर्मनंट म्हणणं खोटं ठरत नाही. बायबलमध्येही "सर्वकाळ" असं पुष्कळदा वापरलंय. निर्गम २१:६ मध्ये जो दास आपल्या धन्याला सोडून जायला तयार नाही त्याचा कान दाराशी नेऊन आरीने टोचायचा आणि मग त्याने सर्वकाळ चाकरी करायची, म्हणजे मरेपर्यंत. शमुवेलाची आई हन्ना म्हणते शमुवेल सर्वकाळ मंदिरात राहील, आणि थोडं खाली त्याच अध्यायात म्हणते, तो जगेल तोवर (१ शमुवेल १:२२ आणि २८). योना माशाच्या पोटातून म्हणतो पृथ्वीचे अडसर माझ्यावर सर्वकाळचे लागले, आणि तिसऱ्या दिवशी बाहेर. त्याला आत असताना तसंच वाटलं असणार. तेव्हा ज्या व्यवस्थेबद्दल बोलणं चाललंय ती व्यवस्था आहे तोवर, मध्ये कोणी मोडायचं नाही, असा अर्थ याजकपदाला लावता येतो. इब्रीकरांस पत्र ७:१२ हेच म्हणतं, याजकपद बदललं की नियमही बदलणं आलं. आणि इ.स. ७० मध्ये रोमन सैन्याने मंदिर पाडलं तेव्हापासून यज्ञाचं ते काम तसंही थांबलंच.

पण सुंतेला हे उत्तर पुरत नाही, कारण तिथे मंदिराची वगैरे गरज नाही आणि ती आजही चालू आहे. कुठे लांब जायला नको, आपल्या रायगड जिल्ह्यात अलिबाग, नवगावच्या बाजूला बेने इस्राएल लोक शतकानुशतकं राहिले, मराठी बोलले, तेलाचे घाणे चालवले, शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून गावाने त्यांना शनिवार तेली म्हटलं. बाकीच्या यहुदी जगाशी फारसा संबंध नसतानाही त्यांनी दोन गोष्टी सोडल्या नाहीत, शब्बाथ आणि आठव्या दिवसाची सुंता. १९४८ नंतर त्यातले बहुतेक इस्राएलला गेले, तिथेही ती चालूच आहे. त्यांच्यापुढे उभं राहून "तो करार संपला" असं म्हणणारा ख्रिस्ती माणूस मला तरी उद्धट वाटेल.

प्रेषितांनाही हे सोपं गेलेलं नाही. प्रेषितांची कृत्ये १५ वाचा, त्यासाठी यरुशलेमात सभा भरवावी लागली आणि बराच वाद झाला. ठरलं ते असं की अन्य राष्ट्रांतून आलेल्यांवर, म्हणजे जे यहुदी नाहीत त्यांच्यावर, सुंतेचं ओझं टाकायचं नाही. यहुद्यांनी ती थांबवावी असं त्या सभेने म्हटलेलं नाही. पौल गलतीकरांना सुंता करून घ्याल तर ख्रिस्ताचा तुम्हाला उपयोग नाही असं दरडावतो आणि तोच पौल प्रेषितांची कृत्ये १६:३ मध्ये, म्हणजे त्या सभेच्या पुढच्याच अध्यायात, आपला सोबती तीमथ्य याची सुंता करून घेतो, कारण त्याची आई यहुदी. आणि रोम ११:२९ मध्ये म्हणतो देवाला आपल्या कृपादानांचा आणि पाचारणाचा पस्तावा होत नाही. माझं वाचन असं, की तो करार ज्यांच्याशी झाला त्यांच्याशी तो मोडला असं नवा करार कुठे म्हणत नाही, इतरांना आत यायला ते दार आता सक्तीचं नाही एवढं म्हणतो. इब्री ८:१३ मात्र पहिला करार जुना झाला, नाहीसा व्हायला आलाय असं म्हणतं आणि ते माझ्या या वाचनात नीट बसत नाही. ते तुमच्यापासून लपवत नाही सर.

प्रश्न : दाविदाचं राजासन सर्वकाळ टिकेल असं २ शमुवेल ७:१६ मध्ये वचन आहे. पण ते टिकलं नाही हा इतिहास आहे. आमच्या बायबल स्टडीत "येशूमध्ये पूर्ण झालं" एवढं सांगून पुढे गेले. मधल्या सहाशे वर्षांचं काय? (पुणे)

उत्तर : पुढे जायला नको होतं, कारण बायबल स्वतः तिथे थांबलंय. स्तोत्र ८९ काढा. पहिली ३७ वचनं नुसती स्तुती, दाविदाचं आसन सूर्यासारखं, चंद्रासारखं कायम राहील म्हणून. आणि ३८ व्या वचनापासून एकदम पण. पण तू टाकून दिलंस, करार मोडलास, त्याचा मुकुट धुळीत लोळवलास, आणि ४९ मध्ये सरळ सवाल की प्रभू, तुझी पूर्वीची ती दया कुठे गेली? त्याला उत्तर मिळत नाही. स्तोत्र तिथेच संपतं, शेवटचं परमेश्वर धन्यवादित असो हे वाक्य स्तोत्रसंहितेच्या तिसऱ्या भागाच्या समाप्तीचं आहे. म्हणजे विरोधाभासाची लिस्ट करणारा पहिला माणूस इंटरनेटवाला नव्हता, तो स्तोत्रकर्ताच होता, आणि लोकांनी ते स्तोत्र काढून न टाकता उपासनेच्या पुस्तकात ठेवलं.

इतिहास असा. जवळपास चारशे वर्षं राज्य करून इ.स.पू. ५८७ किंवा ५८६ मध्ये यरुशलेम पडलं. शेवटचा राजा सिदकीया, त्याच्या डोळ्यांदेखत त्याची मुलं मारली आणि मग त्याचे डोळे काढले. पण त्याच्या आधीचा राजा यहोयाखीन दहा वर्षं आधीच बाबेलात कैद होऊन गेला होता, आणि २ राजे हे पुस्तक ज्या प्रसंगावर संपतं तो बघा, कैदेच्या सदतिसाव्या वर्षी त्याला तुरुंगातून काढून राजाच्या पंक्तीला बसवलं, रोजचा शिधा बांधून दिला. एवढ्या मोठ्या इतिहासाचा शेवट एका कैद्याच्या जेवणावर का, असं वाटतं ना? दाविदाच्या घराण्याची वात विझली नाही एवढंच लेखकाला सांगायचं असावं. आणि हे नुसतं धर्मग्रंथातलं नाही. बाबेलच्या उत्खननात मातीच्या विटांवर लिहिलेले शिध्याचे हिशोब सापडले, १९३९ मध्ये ते छापून आले, त्यात यहूदाचा राजा यहोयाखीन आणि त्याची पाच मुलं यांना किती तेल दिलं त्याची नोंद आहे. राज्य गेलं, राजधानी गेली, आणि सरकारी कोठारातल्या तेलाच्या यादीत घराणं शिल्लक. मत्तय १:१२ मध्ये यखन्या म्हणून येतो तो हाच.

बाकी १ राजे ९:४-५ आणि स्तोत्र १३२:१२ मध्ये याच वचनाला "जर" लागलेलं आहे, तुझी मुलं माझा करार पाळतील तर. २ शमुवेल ७ मध्ये तो जर नाही. दोन्ही एकाच बायबलमध्ये आहेत आणि येशूमध्ये पूर्ण झालं हे मी मानतो, लूक १:३३ तेच म्हणतं, फक्त ते स्तोत्र ८९ वाचल्यानंतर म्हणावं, त्याच्याऐवजी नव्हे.

प्रश्न : देव बदलत नाही (मलाखी ३:६) आणि देवाला पस्तावा झाला (उत्पत्ती ६:६). थोडक्यात सांगा. (व्हॉट्सॲपवरून)

उत्तर : थोडक्यात म्हणजे १ शमुवेल १५. वचन ११ मध्ये शौलाला राजा केल्याचा देवाला पस्तावा होतो, २९ मध्ये शमुवेल म्हणतो देव काही मनुष्य नाही पस्तावायला, आणि ३५ मध्ये परत पस्तावा होतो. एकाच अध्यायात, एकाच लेखकाने. शौल विनवण्या करतोय तेव्हा त्याच्यासाठी निकाल फिरणार नाही हे २९ वं सांगतं, आणि ११ आणि ३५ सांगतात की तो निकाल देताना देवाला दुःख झालं. यिर्मया १८:७-१० पण वाचा, आणि पुढच्या वेळी नाव-गाव लिहा.

प्रश्न : मुंबईत आमच्या आजीला जिथे पुरलंय ती कबर काही वर्षांनी परत वापरणार असं दफनभूमीच्या ऑफिसने सांगितलं. जागा कमी आहे हे समजतं. पण आई फार अस्वस्थ आहे, ती म्हणते मग पुनरुत्थानाच्या दिवशी आजी कुठून उठणार? आईला काय सांगू? (कांदिवली)

उत्तर : आईंना सांगा की येशूच्या काळात यरुशलेमच्या आसपास पुष्कळ घरांत हेच चालायचं. खडकात खोदलेल्या कबरेत प्रेत ठेवायचे, साधारण वर्षाने हाडं गोळा करून दगडाच्या पेटीत भरायचे आणि कबरेतली जागा पुढच्यासाठी मोकळी व्हायची. अशा शेकडो पेट्या मिळाल्यात, १९९० मध्ये सापडलेल्या एकीवर कयफा हे नाव कोरलंय आणि ती येशूची चौकशी करणाऱ्या त्याच मुख्य याजकाच्या घरची असावी असं बरेच अभ्यासक मानतात. त्यातले पुष्कळ लोक पुनरुत्थान मानणारे होते आणि हाडं हलवल्याने ते चुकेल असं त्यांना वाटलं नाही. योसेफाची हाडं तर मिसरातून निघाली, इस्राएल लोकांबरोबर रानातून फिरली आणि शेवटी शखेमात पुरली (यहोशवा २४:३२). पौल १ करिंथ १५ मध्ये बी आणि रोप म्हणतो, २ करिंथ ५:१ मध्ये तंबू आणि देवाने बांधलेलं घर म्हणतो, पत्त्याबद्दल दोन्हीकडे काही नाही.

पण हे सगळं सांगूनही आईंना वाईट वाटणारच आणि त्यात विश्वास कमी पडला असं काही नाही, कबरेवर जाऊन बसायची जागा जातेय त्यांची. तेव्हा ऑफिसमध्ये आत्ताच जाऊन विचारा की हाडं ठेवायला भिंतीत कोनाडा मिळतो का, मुंबईतल्या बऱ्याच ख्रिस्ती दफनभूमींत ती सोय असते, फी किती, किती वर्षांसाठी, आणि वर नावाची पाटी लावू देतात का. कबर उघडायच्या आधी घरच्यांना कळवावं असा अर्ज लेखी द्या आणि त्याच्या कॉपीवर शिक्का घेऊन ठेवा. पाळकांना किंवा फादरना त्या दिवशी प्रार्थनेला बोलवा, आईंनी यायचं की नाही ते त्यांचं त्यांना ठरवू द्या.